तट आणि वस्ती

नगर वसतें कशानें आणि ओस पडतें कशानें, ह्या प्रश्नाचें उत्तर राजे लोक बहुधा दगडांत शोधतात. नगराभोंवतीं तट बांधावा, तटाला वेशी ठेवाव्या, वेशींवर पहारे बसवावे, म्हणजे आंतली लक्ष्मी बाहेर जाणार नाहीं आणि बाहेरचा शत्रु आंत येणार नाहीं, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब कोठें चुकतो हें पाहण्यासाठीं गोमंतकीयाला दूर जावें लागत नाहीं. मांडवीच्या दक्षिण तीरावर जुनें गोवें आहे आणि उत्तरेस, मध्यें दिवाडी बेट टाकून, डिचोली महालांतील नार्वें आहे. एकीकडे तटानें राखलेलें राजनगर मोडून गेलें. दुसरीकडे, ज्याला एके काळीं स्वतःच्या गांवीं पाय टेकावयास जागा उरली नव्हती, तें देवस्थान आजहि नांदतें आहे. ह्या दोहोंमधील अंतर फेरीबोटीनें दोनदां नदी ओलांडण्याइतकेंच. गेल्या हिवाळ्यांत एका सकाळीं मीं तें ओलांडलें. त्या प्रवासांत जें मनांत आलें तें वाचकांपुढें ठेवतों, कारण त्याचा संबंध जुन्या गोव्यापेक्षां आपल्याच गांवांशीं अधिक आहे.

श्रीसप्तकोटेश्वर हें कदंब राजांचें आराध्य दैवत. ह्या देवाचा वरप्रसाद आपल्याला लाभला आहे, असें ते आपल्या नाण्यांवर अभिमानानें कोरीत. मूळ देऊळ दिवाडी बेटावरील नार्वें येथें होतें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या अमलांत तें मोडलें गेलें. देवाचें लिंग एका विहिरीच्या बांधकामाला लावलें होतें व भाविकांनीं तें गुप्तपणें नदीपार डिचोलीच्या मुलुखांत आणलें, अशी परंपरा आहे. पुढें शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीस, म्हणजे इ. स. १६६८ च्या नोव्हेंबरांत, शिवाजी महाराजांनीं देवालयाच्या कामास आरंभ करविला, हें तेथील शिलालेख सांगतो. देऊळ बसकें आहे, कौलारू आहे, झाडींत दडल्यासारखें आहे. जीर्णोद्धारानंतर २०२३ सालीं तें पुन्हां भाविकांसाठीं खुलें झालें. दिवाडीवरहि नार्वें आणि अलीकडच्या तीरावरहि नार्वें. गोकुळाष्टमीस लोक तीर्थस्नानासाठीं ह्या काठावर जमतात तेव्हां समोर दिवाडीचे माड दिसत असतात. देव हलला, पण नदी तीच राहिली आणि नदीला लागून असलेली आठवणहि राहिली.

नार्व्याहून दिवाडी आणि दिवाडी ओलांडून जुन्या गोव्याच्या धक्क्याकडे मी निघालों. दुसऱ्या बोटींत एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ शेजारीं उभे होते. पलीकडच्या झाडींतून वर आलेले चर्चांचे पांढरे माथे न्याहाळीत ते म्हणाले, “बाब, हांगा आदीं शार आशिल्लें, आतां रान जालां.” एवढें शहर गेलें कोठें, असें मीं विचारतांच त्यांनीं हंसून उत्तर दिलें, “उदक वायट जालें, लोक गेले.” इतिहासाच्या ग्रंथांत ज्याला पानेंच्या पानें लागतात तें त्या गृहस्थांनीं चार शब्दांत सांगितलें होतें.

आदिलशाहीच्या काळींच हें नगर तट-खंदकांनीं वेढलेलें होतें. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं अफोंसो द आल्बुकेर्कनें तें कायमचें जिंकलें आणि १५३० पासून तें पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी झालें. होर्मुझपासून मलाक्कापर्यंतचा व्यापार ह्या धक्क्यावर उतरे. १५५६ सालीं भारतांतील पहिला छापखाना येथेंच सुरू झाला. ज्यानें गोवें पाहिलें त्यानें लिस्बन नाहीं पाहिलें तरी चालेल, अशी पोर्तुगीजांत म्हणच पडली होती. वैभवाच्या दिवसांतील लोकसंख्येचा अंदाज कांहीं जण दोन लाखांपर्यंत नेतात. ह्याच वैभवाच्या पोटीं १५६० सालीं इन्क्विझिशनचें न्यायासन येथें बसलें आणि आपल्या अनेक कुळांना देव डोक्यावर घेऊन नद्या ओलांडाव्या लागल्या. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास स्थिरावली. तटाच्या आंतील सत्तेला त्या वेळीं असें वाटलें असेल कीं, गेले ते कायमचे गेले.

नगर राखण्याच्या कामीं तटानें कसूर केली असें म्हणतां येणार नाहीं. १५७० सालीं आदिलशहानें नगराला वेढा घातला. तो महिनेन् महिने चालला आणि अखेर उठवावा लागला. १६८३ च्या नोव्हेंबरांत संभाजी महाराजांच्या सैन्यानें नगरासमोरील जुवें बेट घेतलें, तेव्हां आंत असा हाहाकार उडाला कीं, व्हाइसरॉयनें आपला अधिकारदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशीं नेऊन ठेवला. मोगलांची फौज कोंकणांत उतरल्यामुळें महाराजांना माघारें वळावें लागलें आणि नगर वांचलें. १५१० पासून पुढें शत्रु म्हणून कोणीहि हा तट ओलांडून आंत शिरला नाहीं. तरीहि नगर रिकामें झालें, हीच ह्या कथेंतली विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

तें रिकामें झालें त्याचीं कारणें दोन. पहिलें व्यापाराचें. १५६५ सालीं विजयनगर पडलें आणि गोव्यांतून घोडे घेणारें मोठें गिऱ्हाईक गेलें. पुढें डचांनीं १६४१ त मलाक्का आणि १६६३ त कोची घेतली, बंदराची नाकेबंदी केली, आणि गलबतें येईनाशीं झालीं. दुसरें कारण त्या वृद्ध गृहस्थांनीं सांगितलें तें, पाण्याचें. येथील जमीन जांभ्याची, सच्छिद्र. दाट वस्तीचा मळ त्या जमिनींत मुरत गेला आणि विहिरींत उतरला. १५४३ सालींच पटकीची भयंकर सांथ येऊन गेली होती. पुढें तापाच्या आणि पटकीच्या सांथी पुनःपुन्हां येत राहिल्या. घरोघर विहीर होती, पण विहीर हीच वैरीण झाली. तटावरचा पहारेकरी नदीकडे डोळे लावून बसला होता. मरण त्याच्या पाठीमागें, घागरींतून घरांत शिरत होतें.

मग एकेक जण निघाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी मुरगांवास हलवण्याचा घाट घातला गेला. कामें सुरू होऊन ती योजना पुढें सोडून दिली. १६९५ सालीं व्हाइसरॉय नगराबाहेरच्या उपनगरांत राहावयास गेला, १७५९ सालीं तो पणजीस गेला, आणि १८४३ सालीं पणजीला राजधानीचा मान रीतसर मिळाला. १७७५ च्या सुमारास ह्या नगरांत दीड हजारांच्या आसपास माणसें उरलीं होतीं. त्याच दशकांत लिस्बनहून मार्केश द पोंबाल ह्यानें नगर नव्यानें उभारण्याचा हुकूम पाठवला. कामगार आणले, तेहि तापानें आजारी पडूं लागले, आणि काम थांबलें. ओसाड घरांचे चिरे पणजीच्या इमारतींसाठीं वाहून नेले गेले. १८३५ सालीं धर्मसंघ बरखास्त झाल्यावर ऑगस्टिनियनांचा प्रचंड मठ निर्मनुष्य झाला. १८४२ त त्याचें छत कोसळलें, १९३१ त मनोऱ्याचा मोठा भाग पडला. त्या मनोऱ्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्यें वाजते. माणसांपाठोपाठ घंटाहि नव्या गांवाला गेली.

व्हाइसरॉयांच्या कमानीखालून मी चढ चढून गेलों. एकेकाळीं ह्या रस्त्यावर पेढ्या आणि बाजार होते. आज सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ आदिलशहाच्या वाड्याची म्हणून दाखवतात ती एक दगडी चौकट उभी आहे. तिच्यांतून पाहिलें तर पलीकडे आकाश दिसतें. बोम जेझुस, से कॅथेड्रल, सेंट फ्रान्सिस ह्या इमारती मात्र उत्तम राखलेल्या आहेत. १९८६ सालीं जगाच्या वारशांत त्यांची गणना झाली. झेवियरच्या शवाचें प्रदर्शन दर दहा वर्षांनीं भरतें. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळांत तें भरलें तेव्हां येथें माणसांचा पूर लोटला होता. पूर ओसरला कीं सायंकाळीं दिवे लागावे अशीं घरें त्या प्राचीन पेठांच्या जागीं नाहींत. देवाघरें राहिलीं, माणसांचीं घरें गेलीं. ज्या नगरानें आपल्या पूर्वजांना छळलें त्याच्या पतनानें समाधान वाटेल, असें मला निघतांना वाटलें होतें. तेथें उभें राहिल्यावर तसें कांहीं वाटलें नाहीं. दुसऱ्याचें ओसाड अंगण पाहून आनंद मानावा, ही आपली शिकवणहि नव्हे.

पेडणें महालांतहि असाच एक धडा आहे. शापोऱ्याच्या कांठीं हळर्णचा कोट आहे. १७४६ च्या मे महिन्यांत कास्तेलो नोव्हो ह्या व्हाइसरॉयनें तो सावंतवाडीकरांकडून जिंकला, आणि त्या पराक्रमाबद्दल त्याला ‘मार्केश द आलोर्ना’ हा किताब मिळाला. आपल्या हळर्णचें नांव पोर्तुगालच्या सरदारघराण्यांत जाऊन बसलें. ज्या वर्षांत बाहेरचे कोट जिंकण्याचा हा उत्सव चालला होता, त्याच वर्षांत मागें राजधानी ओस पडत होती. १७८१ त डिचोली आणि १७८८ त पेडणें पोर्तुगीजांच्या हातीं आलें, तेव्हां जुनें गोवें जवळजवळ मेलेलें होतें. आज हळर्णचा कोट रिकामा आहे. गांव मात्र आहे, शेत आहे, देऊळ आहे.

आपलें देवस्थान हललें आणि टिकलें, त्याचें कारण माझ्या समजुतीनें असें आहे. पळून जाणाऱ्यांनीं केवळ मूर्ति नेली नाहीं. मूर्तीबरोबर भट गेला, देवळी गेला, वाजंत्री आणि फुलकार गेला. नव्या जागीं आधीं तळी खणली, मग कुळागर लावलें. देवाभोंवतीं एक संबंध वस्ती उभी राहिली. प्रत्येकाला देवाकडे येण्याचें रोजचें कांहीं काम होतें. त्या रोजच्या कामानेंच देवस्थानाची राखण केली.

ही राखण आज शाबूत आहे का, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवीं पाहावें. डिचोलींत खाणींचे खड्डे खोल गेले आणि कित्येक ठिकाणीं झरे व विहिरी आटल्या. २०१२ सालीं खाणी थांबल्या तेव्हां त्यांवर जगणारीं कुटुंबें पांगलीं. पेडण्यांत मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमानें उतरूं लागलीं आणि आसपासच्या जमिनीला असा भाव आला कीं, कसणाऱ्यापेक्षां विकणारा शहाणा ठरूं लागला. आमच्या गांवच्या देवळांत पहांटेचा चौघडा आतां विजेच्या यंत्रावर वाजतो. वाजंत्र्याचा मुलगा कारखान्यांत कामाला जातो, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. जत्रेच्या रात्रीं मुंबई-पुण्याहून मोटारी येतात, अग्रशाळेंतील खोल्या भरतात, पालखीला खांदा देण्यासाठीं चढाओढ लागते. तिसऱ्या दिवशीं देवळांत भटजी आणि दोन म्हाताऱ्या बायका उरतात.

गेल्या वर्षीं आमच्या महाजनांच्या सभेपुढें एक ठराव आला. देवळाभोंवतीं उंच प्राकार बांधावा, मोठा दरवाजा करावा आणि रात्रीं त्याला कुलूप घालावें. चोऱ्या होतात, तेव्हां हेतु वाईट म्हणतां येणार नाहीं. देणग्यांचे आंकडेहि तेथल्या तेथें जाहीर झाले. मीं उठून एवढेंच म्हटलें कीं, त्याच पैशांतून आधीं तळीचा झरा मोकळा करावा, तिच्या ढांसळलेल्या पायऱ्या बसवाव्या, आणि सेवेकऱ्यांच्या दोन घरांचीं छपरें नीट करून त्यांना पोट भरेल असें वेतन बांधून द्यावें. एक ज्येष्ठ महाजन म्हणाले, “भाऊ, भिंतीवर देणगीदाराचें नांव घालतां येतें, झऱ्यावर कोठें घालणार?” सभेंत हंशा पिकला. ते थट्टेनें बोलले, पण त्यांत अडचण नेमकी सांगितली गेली होती. ठराव पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवला आहे, आणि तो पुन्हां येईल तेव्हां कोणता कौल मिळेल हें मला सांगतां येत नाहीं.

प्राकार बांधूं नये असें माझें म्हणणें नाहीं. चोराला अडवण्याचें काम भिंत चोख करील. परंतु सायंकाळीं देवळाच्या आवारांतून हांक मारली तर ओ देणारीं किती घरें उरलीं आहेत, हें आधीं मोजलें पाहिजे. तळींत पिण्याजोगें पाणी आहे का, गांवच्या शाळेंत पोरें आहेत का, वाजंत्र्याला घरीं राहून जगतां येतें का, हें पाहिलें पाहिजे. हे प्रश्न जुन्या गोव्याच्या अधिकाऱ्यांपुढेंहि होते. त्यांचें लक्ष तटाच्या डागडुजीकडे होतें. आपल्याला त्यांच्याहून जास्त वेळ मिळाला आहे, असें समजण्याचें कारण नाहीं. महाजनांच्या पुढच्या सभेला जे जातील त्यांनीं सभेआधीं घटकाभर तळीच्या कांठीं जाऊन बसावें आणि पाण्यांत वांकून पाहावें, एवढीच विनंति.