पेटीवाल्याचा तोरा

मी पेटीवाला. भजनाला, कीर्तनाला साथ करतो. कीबोर्डला मी वाद्य मानतच नसे. ‘बटण दाबलं की वाजतं, त्यात वाजवायचं काय?’ हे माझं ठरलेलं वाक्य. पेटीला गवसणी आणि कोरडी जागा. भजनी मंडळाला कुणीतरी दिलेला जुना कीबोर्ड मात्र माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत करकचून बांधलेला, सेलसकट. यंत्राला काय होतंय!

हा तोरा कशाच्या जोरावर होता? पेटी तरी कुठं आपल्या मातीतली? परदेशी, मींड न येणारी म्हणून १९४० साली तिला रेडिओवर बंदी झाली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आधीच्या पेटीवाल्यांनी जे टोमणे खाल्ले, तेच मी दुसऱ्यांच्या पानात वाढत होतो. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन मला खरी पुंगीच वाटायची. ती संगीतकार कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवलेली, हे कळल्यावरही मी ‘एखादा अपवाद’ म्हणून सोडून दिलं. ऐकीव माहितीनं माझ्यासारख्यांची मतं बदलत नाहीत.

मार्गशीर्षात योगेश्वरी देवीच्या नवरात्राच्या सुमारास मंडळातल्या पोरांना कीबोर्ड हवा झाला. खाली काढला, तर निम्मे सूर मुके. दुरुस्तीवाल्यानं मागचे स्क्रू काढले आणि माझ्याकडं बघितलं. ‘सर, सेल आतच ठेवले होते का?’

सेल पाझरले होते. स्प्रिंगा पांढऱ्या पुडीनं भरलेल्या, तांब्याच्या रेघा हिरव्या पडून एके ठिकाणी तुटलेल्या. पिशवीनं पावसाळ्याची ओल बाहेर ठेवली नव्हती, आत कोंडली होती. मग त्यानं पट्ट्यांखालची रबराची पट्टी उचलली. प्रत्येक स्वराखाली रबराची छोटी टोपी, तिच्या पोटात काळा ठिपका. पट्टी दाबली की तो ठिपका खालच्या दोन रेघा जोडतो आणि सूर बोलतो. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून तो एकेक जागा पुसत होता, पुसली की दाबून ऐकत होता. गंधार बोलला. मध्यम बोलेना, पुन्हा पुसलं.

मी ओणवा होऊन बघत राहिलो. पेटी उघडून पितळेच्या सुरात अडकलेला कण मी असाच काढतो, असाच कान लावतो. पावसाळ्यात पट्ट्या फुगल्या की हळहळतो. आणि इथं इतकी नाजूक रचना मी नुसत्या तुच्छतेनं सडवली होती. माहिती नव्हती हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं. त्या टेबलाशी माझी मान खाली गेली ती वर यायला वेळ लागला.

तुटलेल्या रेघेवर त्यानं बारीक तार डाखली. दोन वरचे सूर मात्र गेले ते गेलेच. निघताना म्हणाला, ‘थंडीच्या खोलीतून उबेत आणलं की लगेच चालू करू नका, आत दव धरतं. तासभर राहू द्या.’ बालाघाटाच्या डोंगरावरच्या आमच्या गावात मार्गशीर्षातली पहाट कशी असते, हे मला सांगावं लागत नाही. तरी पहाटेच्या कार्यक्रमात मी पोरांना घाईच केली असती!

आता कीबोर्ड सुती खोळीत, भिंतीपासून दूर, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतो. पावसाळ्यात मधूनमधून तासभर वाजवतो. तुमच्या घरी जुना कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा पडून असेल, तर आजच उतरवा. आणि आधी सेल काढा.