वहीत न लिहिलेली ओळ

आमचे घर मिरजेचे. कृष्णाकाठचा हा सारा मुलूख दुधाचा. मी लग्न होऊन सासरी आले, तेव्हा दारच्या गोठ्यात तीन म्हशी आणि एक गाय होती. आजाऱ्याला दूध, परगावी निघालेल्याच्या हातावर दही, बाळंतिणीच्या पानात तूप, हीच आमची रीत. दूध म्हणजे अमृत, हे आम्हांला कुणी शिकवले नव्हते. ते आम्ही श्वासाबरोबरच घेतले होते. दुधाने एखाद्या जिवाला त्रास होऊ शकतो, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. तो धडा मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी, बेंगळुरूत, माझ्या सहा महिन्यांच्या नातीने दिला.

२०२४ च्या जुलै महिन्यात मी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला गेले. मुलीची बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली होती आणि बाळाला सांभाळायला घरचे माणूस हवे होते. शहर मला अगदीच परके वाटले नाही. तिथेही पहाटे कोपऱ्यावरच्या केंद्रावर नंदिनी दुधाच्या पिशव्यांसाठी लोक उभे असत. दुधाला 'हालु' म्हणतात, हा मी शिकलेला पहिला कानडी शब्द. शेजारच्या वृद्ध बाई मला 'अज्जी' म्हणत, मी त्यांना 'आज्जी' म्हणे. एवढ्याशा फरकाने आमचे काही अडले नाही.

मुलगी कामावर जाऊ लागली. सकाळी ती बाळाला अंगावर पाजून जाई आणि काही दूध काढून ठेवी. ते पुरेनासे झाले, तेव्हा बाळासाठी मिळणारी दूधभुकटी आणली. डब्यावर 'आईचे दूध सर्वोत्तम' अशा अर्थाची ठळक सूचना होती. १९९२ च्या कायद्याने ती छापणे बंधनकारक आहे, असे मुलीने सांगितले. ती सूचना वाचताना तिचा चेहरा उतरला, हे मला दिसले. नोकरी करणाऱ्या आईला ती ओळ फार बोचते.

भुकटीचे दूध सुरू होऊन चार-पाच दिवस झाले आणि बाळाचे बिनसले. पाजले की ओकारी होई. शी पातळ आणि चिकट होऊ लागली. एके दिवशी तिच्यात रक्ताचे बारीक धागे दिसले. माझे हातपाय गार पडले. दात येत असतील, दृष्ट लागली असेल, असे मीच आधी म्हणत होते; ते शब्द घशातच राहिले. आम्ही त्याच संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी बाळाला तपासले आणि मग बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. त्रास केव्हापासून? पाजल्यावर किती वेळाने? घरात कुणाला दमा, कुणाला अंगावर पित्त उठण्याची खोड? विचार करता आठवले, की तिसऱ्या महिन्यापासूनच बाळाच्या गालांवर लालसर, खरखरीत चट्टे येत होते आणि शीत अधूनमधून शेंबडासारखा अंश दिसे. आम्ही ते मनावर घेतले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता आहे. पण शक्यता म्हणजे निदान नव्हे."

'अ‍ॅलर्जी' हा शब्द आता आपल्या रोजच्या बोलण्यात आला आहे. तो १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फोन पिर्के या बालरोगतज्ज्ञांनी घडवला. आपले शरीर बाहेरच्या शत्रूंशी लढण्यासाठी सज्ज असते. कधीकधी ते निरुपद्रवी वस्तूलाच शत्रू समजते आणि तिच्याशी लढू लागते. दुधाच्या अ‍ॅलर्जीत हा लढा दुधातील प्रथिनांशी असतो. दुधातील साखर न पचणे ही वेगळी गोष्ट. तिच्यात पोट बिघडते, पण हा लढा नसतो. आई जे दूधदुभते खाते, त्यातील प्रथिनांचा अल्पसा अंश तिच्या दुधातूनही बाळापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितले, "अंगावरचे दूध मुळीच बंद करू नका. बाळाच्या आईने दूध, दही, लोणी, तूप, पनीर चार आठवडे वर्ज्य करावे. भुकटीही बंद. सगळे नीट वहीत लिहा. चार आठवड्यांनी पुन्हा पाहू."

"मग शेळीचे दूध देऊ का?" मी विचारले. गावाकडून फोनवर तसाच सल्ला आला होता. डॉक्टरांनी मान हलवली. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातील प्रथिने एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असतात, की एकीचे दूध बाधणाऱ्या बाळाला बहुधा दुसरीचेही बाधते. शिवाय वर्षाच्या आतील बाळाचे मुख्य अन्न म्हणून ती योग्यही नव्हेत. प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेली एक खास भुकटी त्यांनी लिहून दिली. ती महाग होती. पण आईच्या दुधाची तूट भरून काढण्यापुरतीच ती लागणार होती.

मी शंभर पानी वही आणली. वेळ, बाळाने काय घेतले, आईने काय खाल्ले, ओकारी, शी, चट्टे असे रकाने आखले. आता पाव आणि बिस्किटांच्या पुड्यांवरील बारीक अक्षरे वाचावी लागत, कारण दुधाची भुकटी कुठे दडलेली असेल याचा नेम नसतो. मुलीला डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. शेजारच्या आज्जींनी मला 'रागी सरी' शिकवली. रागी म्हणजे आपली नाचणी. ती भिजवायची, मोड आणायचे, वाळवून, भाजून, दळून पीठ वस्त्रगाळ करायचे आणि पाण्यात शिजवून बाळाला भरवायचे. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून जास्त. दुधावाचून बाळ कसे वाढणार, ही माझी चिंता त्या मऊ, तपकिरी खळीने थोडी हलकी केली.

दोन आठवड्यांत रक्त दिसेनासे झाले. तिसऱ्या आठवड्यात गाल स्वच्छ झाले. बाळ खळखळून हसू लागले. वहीतील रकाने शांत झाले.

आणि २६ ऑगस्टला गोकुळाष्टमी आली. रात्री मी देवापुढे पंचामृत ठेवले. घरात बाळ असताना कृष्णजन्माचा प्रसाद त्याच्या ओठांना लागू नये, हे माझ्या मनाला पटेना. मुलगी दमून झोपली होती. मी बाळाला मांडीवर घेतले आणि दोन छोटे चमचे पंचामृत भरवले. त्याने मिटक्या मारल्या. देवाच्या तीर्थाने काय बाधणार, असे मी स्वतःला सांगितले. वहीत मात्र काही लिहिले नाही.

दोन दिवसांत चट्टे पुन्हा उमटले. शीत पुन्हा रक्त दिसले.

मुलगी वही घेऊन बसली. तिने स्वतःच्या जेवणाचा घास न् घास तपासला. मग रडत म्हणाली, "आई, माझंच काहीतरी चुकतंय. गहू बाधत असेल, नाहीतर डाळ, नाहीतर शेंगदाणे. मी सगळंच सोडते. नाहीतर अंगावर पाजणंच बंद करते. माझ्या दुधानेच तिला त्रास होतोय."

'माझ्या दुधानेच.' हे शब्द मी पूर्वी ऐकले होते.

१९८४ साली माझ्या थोरल्या जाऊबाईंचे दोन महिन्यांचे बाळ हगवणीने आजारी पडले. जाऊबाई शेतावर जात, तेव्हा सासूबाई बाळाला बोंडल्याने म्हशीचे दूध पाणी घालून पाजत. त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. बाळाने भुकेने रडू नये, एवढेच त्यांना वाटे. जाऊबाईंना ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. डॉक्टरांनी विचारले, "आईच्या दुधाखेरीज बाळाला दुसरे काही देता का?" सासूबाई "नाही" म्हणाल्या. मी दाराशी उभी होते, नवी सून होते, गप्प राहिले. पुढे घरात ठरले, की आईचे दूधच बाधते, आणि तेही तोडले. ते मूल वाचले नाही. कशाने गेले, हे आज कुणीही सांगू शकणार नाही. पण "तुझ्या दुधानेच गेलं" हे वाक्य जाऊबाईंनी अखेरपर्यंत ऐकले.

चाळीस वर्षांनी मीच सासूबाईंच्या जागी बसले होते, आणि पुन्हा गप्प होते.

मी मुलीच्या हातातून वही घेतली. पेन उघडले आणि २६ ऑगस्टच्या पानावर लिहिले : 'रात्री बारा. दोन चमचे पंचामृत. आजीने दिले.' वही तिच्यापुढे ठेवली. तिने ती ओळ वाचली. बराच वेळ ती काही बोलली नाही. तिला राग आला होता आणि तो रास्त होता. शेवटी ती एवढेच म्हणाली, "आई, तू हे सांगितलं नसतंस, तर मी उद्यापासून तिला पाजलं नसतं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे मी स्वतःच बोलले. ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "अज्जी, तुम्ही सांगितलेत हे फार बरे झाले. आम्हांला खोटी वही मिळाली, तर आम्ही खोटेच औषध देतो." मग त्यांनी दोन गोष्टी समजावल्या. एक वर्षाच्या आतील बाळाला मध कधीही देऊ नये. त्यातील जंतूंच्या बीजांमुळे लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. दुसरे असे, की पंचामृतात पाच पदार्थ असल्याने त्यावरून दुधाचा दोष सिद्ध होत नाही. पुन्हा चार आठवडे पथ्य, आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली फक्त दूध देऊन पाहणे, हाच खरा मार्ग. तसे केले. तिसऱ्या दिवशी त्रास परतला आणि तेव्हा कुठे 'शक्यता' या शब्दाच्या जागी 'निदान' हा शब्द आला.

वाचकहो, ही हकीकत वाचून कुणी आपल्या मुलाचे दूध परस्पर बंद करू नये. ही अ‍ॅलर्जी शंभरांतील फार तर दोन-तीन बाळांना असते. उरलेल्यांचे दूध उगाच तोडणे हेही नुकसानच. मात्र दूध दिल्यावर लगेच बाळाचे ओठ वा चेहरा सुजला, श्वास लागला, अंगभर पित्त उठले किंवा बाळ निपचित पडले, तर घरगुती उपाय करत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी डॉक्टरांना विचारावे, धीर धरावा आणि खरे ते लिहावे.

बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयाबरोबर जाते. माझी नात दीड वर्षाची झाली, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला दूध घालून भाजलेल्या बिस्किटाचा नखाएवढा तुकडा दिला. आम्ही दोघी तिच्याकडे पाहत बसलो. दिवस गेला, आठवडा गेला, काही झाले नाही. प्यायचे दूध मात्र तिला अजून दिले नव्हते. त्या गोकुळाष्टमीला मी देवापुढे पंचामृत ठेवले, आणि नातीच्या वाटीत गूळ घातलेली नाचणीची खळ. तिने ती चाटूनपुसून खाल्ली आणि रिकामी वाटी डोक्यावर पालथी घातली. रात्री मी वही उघडली आणि तेही लिहून ठेवले.