भिंतीवरची तारीख

आमच्या लहानपणी मच्छरदाणी लावणं हा रोजचा सोहळा होता. एक दोरी कॅलेंडरच्या खिळ्याला, एक बाबांच्या सदऱ्याच्या खुंटीला, एक खिडकीच्या गजाला आणि चौथीवरून भांडण. दिवा मालवून शेवटचं माणूस आत शिरे, त्याच्यामागोमाग एक डासही शिरे. मध्यरात्री टाळी वाजे, तळहातावर रक्त दिसे आणि ते आपलंच असे.

आता बटण दाबलं की संपलं. कोणी कोणाला ‘कड नीट खोच रे’ म्हणत नाही.

तेव्हा फवारणीवाले यायचे. एक जण बादलीतला पंप हापसायचा, दुसरा भिंतीवर डीडीटी मारायचा आणि आमचा संसार अंगणात. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर टेकते, तिथेच ती मरावी, हा त्यातला हिशेब. आमचा हिशेब वेगळा, ढेकूण मरावेत! आई देवघर वगळायला लावी आणि दुसऱ्याच दिवशी भिंती सारवून काढी. ढेकूण औषधाला सरावले, तसं आमचं अगत्यही आटलं. १९५८मध्ये ‘निर्मूलन’ म्हणून कार्यक्रम सुरू झाला आणि १९७६मध्ये देशात हिवतापाचे ६४ लाखांवर रुग्ण निघाले. त्यात आमच्या सारवणाचाही वाटा असणारच. दारावर गेरूने लिहिलेली फवारणीची तारीख मात्र आम्ही कधी पुसली नाही.

बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेणारा मलेरियावाला सायकलवरून यायचा. त्याला घरातल्या सगळ्यांची नावं पाठ. अहवाल येईपर्यंत क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या, तीन गोधड्या आणि तरीही न थांबणारी हुडहुडी. छे, ते दिवस नकोतच.

आता डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे आमची रात्रीची मच्छरदाणी बादच. तो स्वच्छ पाण्यात वाढतो. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली त्याला पुरते. तपासायला आलेल्या आरोग्यसेविकेला आम्ही जाळीच्या दारामागूनच ‘आमच्याकडे काही नाही हो’ म्हणून वाटेला लावतो. ती मोबाइलवर काहीतरी टिपते आणि जाते. कोरडा दिवस पाळा, भांडी घासा, हे ती सांगते. कारण डेंग्यूच्या या ईडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी तग धरतात. आजी आठवड्याला पिंप काथ्याने खसाखसा घासायची, ते शेवाळासाठी.

परवा नातीसाठी मच्छरदाणी आणली. छत्रीसारखी उघडते, दोरी नाही, भांडण नाही. आत शिरलो, तर मागून एक आलाच. मी टाळीसाठी हात उचलले. नातीने शांतपणे रॅकेट पुढे केली.