पाय ठेवला की

पेट्रोलवर चालणारी गोल्फ कार्ट उभी असली की बंदच असते. किल्ली फिरवा, काही होत नाही. आवाज नाही, थरथर नाही. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय टेकवला की मग कुठं सीटखालून 'टक्' येतं, पट्टा ताणतो, इंजिन फिरतं, पेट घेतं आणि त्याच दमात गाडी पुढं सरकते. पाय उचलला की पुन्हा चिडीचूप. खेळाच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच आहे. चेंडूवर नजर रोखून उभ्या माणसाच्या पाठीमागं इंजिन फटफटत राहिलं तर त्याचा फटका कुठल्या झाडात जाईल सांगता येत नाही. पण कोल्हापुरात दुचाकीवर वाढलेल्या माणसाला ही शांतता सोसत नाही. आमच्याकडं सिग्नलला गाडी बंद पडणं ही नामुष्की. उजवी मूठ हलवत, इंजिनाला बोलतं ठेवत उभं राहायचं, हेच आम्ही शिकलो. इथं मात्र धडधाकट गाडी आणि मेलेली गाडी उभ्या असताना अगदी सारख्याच दिसतात.

मी राहतो ते पीचट्री सिटी हे गाव अटलांटाच्या दक्षिणेला आहे. 1959 साली आखून वसवलेलं. मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या, पाइनच्या झाडीतून वळणं घेत जाणाऱ्या डांबरी वाटा इथं सुमारे शंभर मैल पसरल्या आहेत आणि त्यांवरून माणसं गोल्फ कार्टनं फिरतात. वाणसामानाला, तळ्याकाठी, दाताच्या डॉक्टरकडं. हमरस्ता आडवा आला की त्याच्या खालून बोगदा किंवा वरून पूल. मॅकिन्टॉश हायस्कूलच्या आवारात मुलांच्या कार्टांची रांग लागते, जशी आमच्या कॉलेजात सायकलींची लागायची. गोल्फ न खेळणाऱ्यांचंच हे वाहन म्हटलं तरी चालेल. मी स्वतः आजवर त्या चेंडूला हात लावलेला नाही.

आमचं जॉर्जिया राज्य हे तसं कार्टांचं माहेरच. पूर्वेकडच्या ऑगस्टा शहरात 1954 साली दोघा डोलन भावांनी ई-झी-गो कंपनी काढली, पुढं क्लब कारही तिथंच येऊन वसली. गंमत अशी की त्याच ऑगस्टात दरवर्षी मास्टर्स स्पर्धा भरते आणि तिथं खेळाडू सगळं मैदान पायी तुडवतात. गाव कार्टा बनवतं, आणि गावाच्या सर्वांत मोठ्या खेळात कार्टेला जागा नाही. यामाहाचा कारखाना तर आमच्या शेजारच्याच न्यूनन गावी आहे.

यामाहा. या एका शब्दापायीच मी त्या भानगडीत पडलो. समोरच्या घरात एक निवृत्त पायलट राहतो. विमानतळ जवळ असल्यामुळं या गावात पायलट पुष्कळ. त्याच्या गॅरेजात कयाकच्या खाली, नाताळच्या खोक्यांच्या मागं ऐंशीच्या दशकातली यामाहा जी-वन पडून होती. टू-स्ट्रोक. "मेली आहे, भंगारात देणार," तो म्हणाला. "पाय दाबला की नुसतं टक् होतं."

टक् होणाऱ्या गाडीला मेलेली म्हणायला माझी जीभ रेटेना. पेडलखालचा स्विच जागा आहे, किल्लीतून करंट जातोय, सोलेनॉइड हाकेला ओ देतोय, एवढं त्या टक् मधून कळतं. आणि समोर टू-स्ट्रोक यामाहा. ज्यांनी 1985 ते 1996 या काळात आरएक्स 100 पाहिली, ऐकली किंवा निदान तिच्या मागं बसून राजारामपुरीतून एक चक्कर मारली, त्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही. 98 सीसीचं इंजिन, पण आवाजानं गल्लीतल्या खिडक्या उघडायच्या. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ती गेली. तिचीच एक लांबची, जाडजूड, संथ आत्या इथं कयाकखाली झोपली होती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या मिस्त्रींच्या दुकानासमोर माझे कित्येक रविवार गेले, त्यांची तपासणी तीन गोष्टींवर चालायची: पेट्रोल, हवा, ठिणगी. "तिघांतलं कोणतरी रुसलंय," म्हणायचे, आणि रुसलेलं शोधायचे. त्याआधी मात्र एक गोष्ट बघायची, इंजिन फिरतंय का. क्लचची चकती हातानं ढकलली, ती कुरकुरली आणि वळली. पिस्टन धरलेला नव्हता. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून पुन्हा फिरवलं, तर आतल्या हवेनं अंगठा उडवला. कॉम्प्रेशन असलेलं इंजिन सहसा माणसाला निराश करत नाही.

बॅटरी नवी घातली, प्लग पॉलिश पेपरनं घासला, ठिणगी निळी पडली. यात सांगण्यासारखं काही नाही. स्टार्टरबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण मला तो फार आवडला. वेगळा स्टार्टर नाही आणि वेगळा डायनॅमोही नाही. पट्ट्यानं इंजिनाला बांधलेलं एकच यंत्र आधी बॅटरीची वीज खाऊन इंजिनाला फिरवतं आणि इंजिन चालू झालं की त्याच्याकडून स्वतःला फिरवून घेत तीच वीज बॅटरीला परत करतं. दर थांब्याला बंद होणाऱ्या गाडीला हे लागतंच. चाकांकडं जाणारा दुसरा पट्टा आणि त्याच्या कमीजास्त रुंद होणाऱ्या पुल्या पाहिल्यावर किनेटिक होंडा आठवली. 1958 साली डच डाफ मोटारीत आली होती तीच युक्ती. गिअर नाहीत, क्लच दाबणं नाही. वेग वाढला की पट्टा एका पुलीत वर चढतो आणि दुसरीत खाली उतरतो.

थंड हवेसाठी इंजिनावर पत्र्याचं आवरण असतं, ते उघडलं तर आत उंदरांनी संसार मांडलेला. इन्सुलेशनचा कापूस, पीकॅनची टरफलं, कुणाच्या तरी पावतीचे तुकडे. आवरण न उघडता गाडी चालवली असती तर इंजिन तापून धरलं असतं. उंदीर आधीच बिऱ्हाड हलवून गेले होते, हे बरं झालं.

खरं दुखणं कार्बोरेटरमध्ये होतं, आणि त्याच्यापाशी मी मनसोक्त रमलो. फ्लोटची वाटी उघडली तर तळाशी काकवीसारखा दाट, तपकिरी थर. पेट्रोल नुसतं ठेवून दिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागं हे चिकट राहतं. इथल्या पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी पितं आणि पाणी फार झालं की पाण्यासकट तळाला जाऊन बसतं. मग अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशी चढते, पितळेवर हिरवी. (भारतात आता इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलंय. ज्यांच्या वाड्यात जुनी स्कूटर आच्छादून ठेवलेली आहे त्यांनी टाकी रिकामी करून टाकावी.) जेट बाहेर काढून खिडकीच्या उजेडासमोर धरला. आरपार काही दिसेना. विजेच्या वायरीतली तांब्याची एकच तार सोलून काढली आणि हळूच आत सरकवली. मिस्त्री असंच करायचे. लोखंडी सुई घालणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसायचा, कारण पितळ ओरखडलं की भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर जास्त पिते. तार, क्लीनरचा फवारा, पुन्हा तार. मग त्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून सुईसारखा उजेड आला. पोटापाण्यासाठी मी संगणकावर जे करतो त्यात काहीतरी दुरुस्त झाल्याचं असं डोळ्याला लावून कधी बघता येत नाही.

पेट्रोलचा पंप हा या गाडीतला सर्वांत हुशार भाग. त्याला वीज लागत नाही. पिस्टन वरखाली होताना इंजिनाच्या पोटात दाब कमीजास्त होतो, तो एका बारीक नळीतून पंपापर्यंत पोचतो आणि आतला रबरी पडदा हलवतो. पडदा ताठरला होता, नवा बसवला. पण कोरड्या पडलेल्या गाडीत एक पेच उरतोच. इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल येत नाही आणि पेट्रोल आल्याशिवाय इंजिन फिरत राहत नाही. त्यावर उपाय जुनाच: कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर पेट्रोल.

पायलटला पेडलवर बसवलं. त्यानं पाय ठेवला, टक् झालं, पट्टा ओढला गेला आणि चमच्याएवढं आयुष्य मिळालेलं इंजिन भडकून विझलं. पुन्हा चमचा. पुन्हा. मग कधीतरी पारदर्शक नळीतून पेट्रोल सरसरत पुढं आलं आणि इंजिन विझायचं विसरलं. मागं निळ्या धुराचा ढग. वास आमच्या घरात शिरला आणि बायको आतून ओरडली, "कोण आलंय लुनावर?"

हवेचा डबा बसवेपर्यंत गाडी अडखळत होती. डब्याशिवाय ती जास्तीची हवा ओढते आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. डबा बसला तशी सरळ झाली. संध्याकाळी तळ्याच्या वाटेवर काढली. वेग ताशी बारा-चौदा मैल, त्यावर गव्हर्नर जाऊच देत नाही. बोगद्यात मात्र तिचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट झाला आणि आत्येला भाचीचा गळा फुटला. बोगद्यापलीकडं कुत्रं घेऊन जाणाऱ्या बाईंना वाट द्यायला मी पाय उचलला, तर सगळं थांबलं. दचकायची सवय अजून गेली नाही. छातीत एक ठोका चुकतो, हात आपोआप चोक शोधतो. बाई गेल्या, पाय ठेवला, टक्, आणि आम्ही निघालो. पायलटला याचं काहीच वाटत नाही. त्याला हवेत चालू राहिलेलं इंजिन कळतं, जमिनीवरचं बंद पडलं तर पडलं.

आता एकच काम उरलंय. चढावर तिचा दम कोंडतो. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर वर्षानुवर्षांच्या तेलकट काजळीनं आतून बुजतो, तेच झालंय. उद्यमनगरात यावरचा इलाज साधा होता: सायलेन्सर काढायचा, जाळात घालायचा, लाल झाला की ठोकून झाडायचा. आमच्या वसाहतीची नियमावली मी पुन्हा वाचून काढली. परसातली शेकोटी कुठं असावी, किती मोठी असावी, धूर कुणाकडं जाऊ देऊ नये, सगळं कलमवार दिलंय. शेकोटीत काय घालू नये याचं कलम नाही. पायलट लाकडं द्यायला तयार आहे, फक्त शनिवारी वारा कुठून वाहणार ते त्याला आधी बघायचंय.