तुळईचा खर्ज

दौंड

चि. बाबूस अनेक उत्तम आशीर्वाद.

बास गिटार सुखरूप पोहोचल्याचे तुझे पत्र मिळाले. आणि टोरांटोत मेपलची मुबलकता असता मामाने आजोळच्या लाकडाचा हा खटाटोप कशासाठी आरंभिला, असा जो प्रश्न तू त्यात केला आहेस, त्याचे उत्तर दोन ओळींत देण्याजोगे नसल्यामुळे हा लांब कागद हाती घेतला आहे.

शिरूरचा आपला घोडनदीकाठचा वाडा उतरवताना माळवदाखालच्या सागवानी तुळया वखारवाल्याने घनफुटाच्या दराने मागितल्या, तेव्हा त्यांतली एक मी हट्टाने राखून ठेवली. गिटारचे धड तिचेच. पाठीमागे जी रुपयाएवढी काळसर वर्तुळाकार खूण दिसते, ती तुझ्या आईच्या झोपाळ्याच्या कडीची. भोक सागाच्याच भुशात इपॉक्सी कालवून बुजवले, पण लोखंडाने लाकडाला चढवलेला काळा रंग जाईना, आणि खरे सांगायचे तर मी तो घालवण्याचा फारसा प्रयत्नही केला नाही. साग हे लाकूड मानी. त्यातल्या वाळूसारख्या कणांनी रंध्याचे पाते बोथटते, आणि अंगच्या तेलामुळे सांध्याला सरस धरत नाही. चिकटवण्यापूर्वी तो पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावा लागतो. वजनही आल्डरहून बरेच अधिक, म्हणून आतून कप्पे कोरून ते हलके केले. बोटांखालची पट्टी नांगराच्या जुन्या हाळिसाची, म्हणजे बाभळीची. शिसवीचा मोह मला होता. परंतु 2017 साली आंतरराष्ट्रीय करारान्वये शिसवीच्या साऱ्या कुळाच्या व्यापारावर परवान्याचे निर्बंध आले, 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तरी जकातीवरच्या कारकुनाशी हुज्जत घालण्याची माझी उमेद उरली नव्हती.

परंपरागत द्रव्य आणि पर्यायी द्रव्य ही जणू दोन भिन्न गोत्रे असावीत, अशा थाटात तू लिहितोस, ते मात्र मला मान्य नाही. मिरजेत ज्यांनी सतारी-तंबोऱ्यांचे कसब नावारूपाला आणले, ते शिकलगार मुळात शस्त्रांना धार लावणारे. त्यांनी एकोणिसाव्या शतकात तूण लाकूड आणि कडू भोपळा जवळ केला, आणि त्यांच्या वंशजांच्या वाद्यांना 2024 साली सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. तो भोपळा पिकतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या मुलखात, जिथे आपल्या दौंडाला वळसा घालून गेलेली भीमाच पोहोचते. तूण तर तुमच्या गिटारवाल्यांच्या महोगनीच्याच कुळातले. हस्तिदंत आणि सांबरशिंग कायद्याने वर्ज्य झाल्यावर तारा टेकवणाऱ्या घोडीला उंटाचे हाड आले, आता कृत्रिम द्रव्येही येत आहेत. तुमच्याकडे तरी निराळे काय घडले? लिओ फेंडर यांनी 1951 साली डबल बासचे अवाढव्य पोकळ धड बाजूला सारून सपाट भरीव फळीवर तारा ताणल्या, आणि 1980 च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी लाकडालाच रजा देऊन कार्बनतंतूंचे, बिनडोक्याचे बास घडवले.

भोपळा का नाही, हे तू विचारशीलच. चार तारांचा मिळून सुमारे 80 किलोंचा ताण मानेतल्या पोलादी सळईला पेलावा लागतो, आणि नाद तर चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून उमटतो. भोपळ्याच्या पोकळीला तिथे काही कामच नाही. तंबोऱ्यापासून घेण्याजोगी वस्तू वेगळी आहे, ती जवारी. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला 69 कंपनांचा, तुझी सर्वांत जाड तार 41 ची, म्हणजे खर्जाच्याही खाली. तिथे तार नुसती घुमते, उजळत नाही. घोडीचा माथा किंचित बाकदार घासला की कंपणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते-उठते आणि वरचे स्वर फुलतात. मात्र गोल वेढ्यांची तार त्या माथ्याला कानशीसारखी खाईल, यास्तव सपाट वेढ्यांच्याच तारा घालाव्यात. सोबतच्या पुडीत कृत्रिम द्रव्याच्या दोन घोड्या आहेत. एक घासलेली, एक कोरी.

तिकडे हिवाळ्यात घरे तापवल्याने हवा कोरडी होते, पट्टी आकसून पडद्यांची टोके बाहेर डोकावतात. आमच्या उन्हाळ्यांनी ही बाभळ आधीच पुरेशी आकसवली आहे, तथापि जानेवारीत टोकांवरून बोट फिरवून पाहा आणि खरखर लागल्यास बारीक कानस लाव. कोरी घोडी तू स्वतः घास. ताईस नमस्कार.

तुझा,
मामा