आतेचा दमा

दमा म्हटला की डोळ्यांपुढे लहान मूल येते, नाहीतर जन्मभर बिड्या ओढलेला म्हातारा. बडोद्याची माझी आते दोन्हींत बसत नव्हती. दांडिया बाजारात लग्न होऊन गेली, तंबाखूला कधी शिवली नाही, आणि सत्तरी ओलांडल्यावर रात्री धाप लागून उठून बसू लागली. पणजीहून फोन केला की म्हणायची, "अरे, वय झालं ने आता!" (तिच्या मराठीला गुजराती शेपूट कधीचेच चिकटले आहे.)

घरच्या डॉक्टरांनाही वयच वाटले. मग हृदयाची शंका, तपासण्या, सगळे ठीक. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री केली. म्हणजे नळीत जोराने फुंकायचे, मग श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध ओढून पुन्हा फुंकायचे. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरहून जास्त वाढली तर दम्याचा संशय बळावतो. आतेची वाढली.

उतारवयात नव्याने होणाऱ्या दम्यात पुष्कळदा ॲलर्जी सापडतच नाही. शिवाय म्हातारी माणसे धाप लागते म्हणून चालणेच कमी करतात, मग तक्रार तरी कुठली राहणार?

खरी गोम पुढेच होती. डॉक्टरांनी घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगितली होती. त्यात काचबिंदूचे थेंब निघाले, टिमोलोलचे. "ते डोळ्याचं आहे, छातीशी त्याचा काय संबंध?" आते म्हणाली. संबंध होता. टिमोलोल बीटा ब्लॉकर जातीतले. थेंब अश्रूंच्या वाटेने नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो. दमेकऱ्याच्या श्वासनलिका त्याने आवळू शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलून दिले. परस्पर बंद केले असते तर भलतेच झाले असते, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

राहिला पंप. शेजारणींनी सवय लागेल म्हणून घाबरवले होते. पण त्यातले स्टेरॉइड मायक्रोग्रॅमच्या मापाने थेट फुप्फुसात जाते, गोळीच्या मानाने अगदी थोडे. आतेची अडचण वेगळीच. संधिवाताच्या बोटांनी पंप दाबायचा आणि त्याच क्षणी श्वास ओढायचा, हे जुळेना. मध्ये स्पेसरचे नळकांडे लावले आणि जमले. नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

आता संध्याकाळी सुरसागरपर्यंत जाऊन येते. उत्तरायणाला गच्ची मात्र दोन टप्प्यांत चढली.