पोटदुखीचं सोंग?

सोमवार उजाडला की सातवीतल्या लेकाचं पोट दुखायचं. आधी ओवा दिला, मग ओरडलो, "सोंगं करू नकोस!" डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. त्यांनीच विचारलं, "शाळेत काही होतंय का?"

रात्री दिवा मालवून त्याच्या शेजारी पडलो, तेव्हा कळलं. शाळेच्या रिक्षात मोठी मुलं त्याला छळत होती. तीन महिने!

जागतिक आरोग्य संघटना सांगते, सुमारे एक तृतीयांश मानसिक आजार वयाच्या १४ व्या वर्षाआधीच सुरू होतात. म्हणजे दहावीपर्यंत थांबून चालणार नाही. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही. पण शाळेत समुपदेशक आहे का? पुढच्या पालकसभेत मी हेच विचारणार. तुम्हीही विचारा. मार्कांचं नंतर बघू.